भिंतीवरची रेंज

गेल्या एप्रिलमधली गोष्ट. रात्री नऊच्या सुमारास आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा फोन आला. आप्पांचे फोन साधारण दीड मिनिटाचे असतात. जेवलास का, तिकडे ऊन कसं आहे, बरं ठेवतो. हा फोन तीन मिनिटं झाली तरी संपेना, तेव्हा मी लॅपटॉपचं झाकण खाली केलं.

"भिंतनी पट्टी दी टाकूत. तुना फ्लॅटले कामे येई," आप्पा म्हणाले.

आमच्या अहिराणीत 'दी टाकूत' म्हणजे देऊन टाकू, विकून मोकळे होऊ. पट्टी म्हणजे आमच्या वावराच्या कडेची सव्वा एकर दगडाळ जागा, जिच्यात कुसळं आणि साप सोडून काही पिकत नाही. फ्लॅट म्हणजे रावेतला बघून ठेवलेला टू बीएचके, ज्याच्या डाउन पेमेंटला मला सात-आठ लाख कमी पडत होते. आणि घेणारा होता एक खडी क्रशरवाला.

मी म्हटलं, "बरं आप्पा. तुम्हीच बघा." फोन ठेवला, लॅपटॉप उघडला, राहिलेला बग फिक्स केला. रात्री झोपही छान लागली. खोटं कशाला बोला!

पण त्या भिंतीचं आणि माझं एक जुनं प्रकरण आहे. ते सांगायचं तर आधी जरा जर्मनीला जावं लागेल. (घाबरू नका, लगेच परत येऊ.)

तर, बर्लिनचा एक बँड आहे, 'द ओशन'. २००० साली रॉबिन स्टॅप्स नावाच्या गिटारवाल्यानं सुरू केलेला. प्रोग्रेसिव्ह मेटल म्हणतात तो प्रकार. मेटल म्हटलं की आपल्याकडे लोकांच्या डोळ्यांसमोर केस हलवत किंचाळणारी माणसं येतात. तेही आहे, नाही असं नाही. पण प्रोग्रेसिव्हवाले जरा अभ्यासू. त्यांची गाणी दहा-दहा मिनिटांची, मधेच मात्रा बदलतात, मधेच चेलो नि पियानो येतो, आणि आख्ख्या अल्बमला मिळून एक विषय असतो. आता 'द ओशन'चे विषय बघा. २००७ च्या अल्बमचं नाव 'प्रीकॅम्ब्रियन'. २०१३ चा 'पेलॅजिअल', ज्यात गाण्यागणिक आपण समुद्राच्या पृष्ठभागापासून तळाकडे जात राहतो. मग २०१८ चा 'फॅनेरोझोइक' भाग पहिला आणि २०२० चा भाग दुसरा. म्हणजे मंडळींनी भूगर्भशास्त्राचा सिलॅबसच लावायला घेतला होता. मला इंजिनिअरिंगला हॉस्टेलवर एका रूममेटनं हार्ड डिस्कमधून हे व्यसन दिलं. तो स्वतः आता बँकेत आहे आणि अरिजित सिंग ऐकतो. असो.

भाग दुसरा आला २५ सप्टेंबर २०२० रोजी. तारीख पाठ आहे, कारण तेव्हा मी गावी अडकलो होतो. नोकरीचं पहिलं वर्ष संपतंय न संपतंय तोच मार्चमध्ये लॉकडाऊन लागला आणि मी हिंजवडीहून थेट गावी. गाव नंदुरबारपासून पंचवीसएक किलोमीटरवर, दोंडाईच्याच्या अंगाला. घरात रेंज शून्य. गच्चीवर एक कांडी. पुरती रेंज एकाच ठिकाणी यायची, ती म्हणजे वावरातल्या भिंतीवर.

ही भिंत कोणी बांधलेली नाही. काळ्या दगडाची एक लांबच लांब रांग आहे, दहा-बारा फूट उंच, पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणारी. आमच्या वावरातून निघते, पुढे चार-पाच जणांच्या वावरांतून जाते, ओढ्यापाशी जमिनीत बुडते आणि पलीकडे परत डोकं काढते. दगड असे की सरपणाची लाकडं आडवी रचून ठेवावीत तसे रचलेले. आजी सांगायची, पांडवांनी एका रात्रीत बांधायला घेतली आणि कोंबडा आरवला म्हणून अर्धी राहिली. पुण्यात शिकायला गेल्यावर मी पांडव सोडले, पण त्यांच्या जागी दुसरं काहीच ठेवलं नाही. दगड तो दगड.

तर लॉकडाऊनमध्ये ती भिंत हे माझं ऑफिस होतं. वर निंबाची सावली, खाली गोणपाट, मांडीवर लॅपटॉप. कॉलवर मागे होले घुमायचे, तर क्लायंटला वाटायचं याचं मोठं फार्महाउस आहे. मीही गैरसमज दूर केला नाही. २५ सप्टेंबरला शुक्रवार होता. अल्बम उतरवून घ्यायला तासाच्या वर लागला, आणि शनिवारी सकाळी आठ वाजता मी भिंतीवर पाय सोडून बसलो आणि हेडफोन लावले. समोर कपाशी, मागे तूर, सगळीकडे चिखल आणि कानात बर्लिन.

आता अल्बमविषयी. आठ गाणी, पन्नासएक मिनिटं. पहिलं गाणं 'ट्रायसिक', शेवटचं 'होलोसीन'. म्हणजे सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीपासून आजपर्यंत. सवयीप्रमाणे मी हिशेब केला. पन्नास मिनिटांत २५ कोटी वर्षं, म्हणजे मिनिटाला पन्नास लाख. पण बँडनं वेळ अशी सरळ वाटलेली नाही. दुसऱ्या गाण्यात ज्युरासिक आणि क्रेटेशियस मिळून साडेतेरा कोटी वर्षं आहेत, आणि ती तेरा मिनिटांत उरकली आहेत. आणि आपला होलोसीन, ज्यात शेती, गावं, पांडव, हिंजवडी सगळं आलं, तो जेमतेम ११,७०० वर्षांचा. मिनिटाला पन्नास लाखांच्या दरानं त्याच्या वाट्याला सेकंदाचा सातवा भागही येत नाही. तरी त्याला एक आख्खं गाणं दिलंय. दिलदार माणसं!

ते तेरा मिनिटांचं गाणं मला सगळ्यात आवडतं. लोइक रोसेटी हा या अल्बमवरचा गायक. एका श्वासात घसा फाडून ओरडतो आणि पुढच्या श्वासात देवळात गावं तसं स्वच्छ गातो. स्वीडनच्या कॅटाटोनिया बँडचा योनास रेन्क्सेही पाहुणा म्हणून येतो. पण माझा जीव ड्रमवर. पॉल झायडल वाजवतो, आणि या दोन्ही भागांचे ड्रम आइसलंडमध्ये जाऊन रेकॉर्ड केले होते. हे आइसलंड लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. गाणं वाढत वाढत जातं, थर चढतात, आणि मग सगळं कोसळतं. त्यानंतर 'पॅलिओसीन', चारेक मिनिटांचं, चिडलेलं. दोन्हींच्या मधे एक युग संपलेलं असतं. डायनोसॉर गेलेले असतात.

अल्बमच्या नावातही ही गोष्ट आहे. नाव लिहितात ते असं : मेसोझोइक | सेनोझोइक. मधे स्वल्पविराम नाही, 'आणि' नाही, एक उभी रेघ. आम्ही प्रोग्रामर लोक तिला पाइप म्हणतो. डावीकडच्यातून जे बाहेर पडतं ते उजवीकडच्यात जातं. मला तेव्हा ते भारी वाटलं होतं. एका रेघेच्या अलीकडे डायनोसॉर, पलीकडे आपण. मी बसल्या जागी दोनदा आख्खा अल्बम ऐकला. मग आईनं जेवायला हाक मारली आणि मी भिंतीवरून उडी मारून घरी गेलो.

ज्यावर बसलो होतो त्याकडे एकदाही पाहिलं नाही.

पुढे ऑफिसनं परत बोलावलं, मी पुण्यात आलो. २०२३ मध्ये बँडचा 'होलोसीन' नावाचा स्वतंत्र अल्बम आला. तो ऐकताना पुन्हा जुने काढले, आणि एका शनिवारी उगाच वाचत बसलो की क्रेटेशियस संपला तेव्हा महाराष्ट्रात काय चाललं होतं. उत्तर शाळेच्या भूगोलात होतंच. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या पठाराचा लाव्हा बाहेर पडत होता. आज उरलाय तोच सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. तिकडे मेक्सिकोच्या युकाटनमध्ये दहाएक किलोमीटरची अशनी येऊन आदळली, इकडे लाव्हा. डायनोसॉर कोणी मारले यावर शास्त्रज्ञांचं भांडण जुनं आहे. मुख्य आरोपी अशनीच, पण आपल्या लाव्ह्याचं नाव चार्जशीटमधून पूर्ण निघालेलं नाही. म्हणजे नावातली ती उभी रेघ जिथे पडते, तिथे आपलं महाराष्ट्र उकळत होतं.

हे ठीक. पण एवढा लाव्हा आला कुठून? माझ्या डोक्यात शाळेतलं चित्र होतं, शंकूसारखा डोंगर आणि वरून कारंजं. तसं नव्हतंच. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तो वर आला, थरावर थर पसरला. उद्रेक थांबल्यावर जो भेगेतच राहिला तो तिथेच गोठला. त्याला डाइक म्हणतात. लाव्ह्याचे जुने थर आसपास झिजून गेले की हा कठीण दगड उभा राहतो, भिंतीसारखा. आणि गंमत ऐका. लाव्हा थंड होताना आकसतो, त्याला तडे जातात, ते थंड होणाऱ्या पृष्ठभागाला काटकोनात. भेगेत तो दोन्ही बाजूंनी थंड होतो, म्हणून तडे आडवे जातात आणि दगडाचे आडवे खांब तयार होतात. एकावर एक रचलेले. सरपणाच्या लाकडांसारखे.

हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. अक्षरशः.

मग शोधत गेलो तर एक शोधनिबंध सापडला. २००७ सालचा, रे, शेठ आणि मल्लिक या तिघांचा, 'बुलेटिन ऑफ व्हॉल्कॅनॉलॉजी' या नियतकालिकातला. योगायोग बघा, 'प्रीकॅम्ब्रियन'ही २००७ चाच. निबंधाच्या शीर्षकात नाव होतं : नंदुरबार-धुळे. आता मी लहानपणापासून नंदुरबारचं नाव छापून आलेलं पाहिलंय ते तीन बातम्यांत. कुपोषण, मिरचीचे भाव आणि सारंगखेड्याचा घोडेबाजार. ऑफिसात तर "नंदुरबार? म्हणजे गुजरात ना?" हे ठरलेलं. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झालेला जिल्हा, माझ्याहून वर्षानं लहान. इथे कधी काही घडलेलंच नाही, असं माझंही मत होतं. शिरीषकुमारचा १९४२ चा मोर्चा सोडला तर सांगायला काय आहे, असं मीच लोकांना म्हणायचो.

आणि इथे हे लोक लिहीत होते की नंदुरबार-धुळे भागात साडेचौदा हजार चौरस किलोमीटरमध्ये, एक किलोमीटरहून लांब अशा २१० डाइक आहेत. जाडी ३ मीटरपासून ६२ मीटरपर्यंत. सगळ्यात लांब डाइक ७९ किलोमीटर. जवळजवळ सगळ्या उभ्या, आणि सरासरी दिशा पूर्व-पश्चिम. यातल्या मोठ्या भेगांतून हजार घनकिलोमीटरहून जास्त लाव्हा काही थोड्या वर्षांत बाहेर पडू शकला असता, असाही त्यांचा अंदाज. आणि तुलना कोणाशी केली असेल? सुदानशी आणि आइसलंडशी. पॉल झायडल ड्रम वाजवायला गेला होता ना, त्याच आइसलंडशी!

म्हणजे मी ज्या दगडावर बसून 'क्रेटेशियस' ऐकत होतो तो लाव्हा वर येण्याची वाट होता. मेसोझोइक, उभी रेघ, सेनोझोइक. ती रेघ आमच्या वावरात दहा फूट उंच उभी होती आणि मी तिच्यावर गोणपाट टाकून बसलो होतो.

इतकं सगळं कळून पुढे काय झालं? काही नाही. चार मित्रांना सांगितलं, त्यातले दोघे "भारीच" म्हणाले. आणि गेल्या एप्रिलमध्ये आप्पांनी विचारलं तेव्हा मी "बरं" म्हणालो. वाचन वेगळं, डाउन पेमेंट वेगळं. दगडाचं वय कितीही असो, बँकेला त्याच्याशी देणंघेणं नसतं.

दोन आठवड्यांनी रावेतच्या साइटवर गेलो. सेल्सवाल्या मुलानं हेल्मेट दिलं, सॅम्पल फ्लॅट दाखवला, बाल्कनीतून हायवे दाखवला. खाली गेटपाशी खडीचा ढीग होता, काळीनिळी, ताजी फोडलेली. मी सहज एक तुकडा उचलला. बराच वेळ हातात धरून उभा होतो. दगड सगळीकडचा सारखाच, पुण्याचा असो की आमच्याकडचा. पण हिशेब एकदम स्वच्छ दिसला. आप्पा तिकडे भिंत फोडायला देणार, आलेल्या पैशातून मी इकडे भिंती घेणार. त्याही खडीच्याच. मुलानं विचारलं, "सर, कधी ब्लॉक करूया?" मी म्हटलं, "सांगतो."

मेच्या पहिल्या आठवड्यात गावी गेलो. मिरचीच्या पथारी आवरल्या होत्या, ऊन मी म्हणत होतं. रात्री जेवणं झाल्यावर (कळण्याची भाकरी, ठेचा, वर शेंगदाण्याचं तेल) मी प्रेझेंटेशनच सुरू केलं. नकाशा दाखवला, दोनशे दहा सांगितलं, साडेसहा कोटी वर्षं सांगितली. आप्पा नकाशा लांब धरून बघत होते. शेवटी म्हणाले, "दोनशे दहा? मले तं तीनच म्हाईत." आणि झोपायला गेले.

सकाळी सहाला त्यांनीच उठवलं. वावरात नेलं, विहिरीपाशी उभं केलं. आमची विहीर भिंतीच्या दक्षिण अंगाला, तिला लागूनच आहे. हे मी आयुष्यभर पाहिलेलं, पण 'का' हा प्रश्न कधी पडला नव्हता.

"तुना आजानी हिर आठेच काबर खंदी, म्हाईत शे का तुले?"

मी गप्प. मग त्यांनी सांगितलं. आमच्याकडचा उतार दक्षिणेकडून उत्तरेला, तापीकडे. जमिनीतलं पाणीही त्याच दिशेनं जातं. वाटेत ही भिंत आडवी येते आणि ती जेवढी वर दिसते त्याहून कितीतरी जास्त खाली आहे. मऊ मुरमातून येणारं पाणी तिच्याशी अडतं. म्हणून आमच्या विहिरीला मे महिन्यात पाणी असतं आणि भिंतीपलीकडच्या विहिरी मार्चातच तळ गाठतात. आजोबा दुसरीपर्यंत शिकलेले. त्यांनी हे पाहून पाहून ओळखलं होतं. "भिंत पानी आडावस," आप्पा म्हणाले. नंतर शोधलं तर भूजलवाल्यांच्या पुस्तकांत तेच होतं, चार परिच्छेदांत.

"मग क्रशरवाल्यानं खोलवर फोडली तर?"

आप्पांनी खांदे उडवले. किती खोल जाईल ते कोण सांगणार. गेला तर पाणीही जाईल.

"मंग इकतस कसाले, आप्पा?"

ते विहिरीत बघत होते. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "तुनासाठे."

मी पुण्याहून त्यांना दगडाची किंमत समजावायला आलो होतो. त्यांना ती माझ्याआधीपासून माहीत होती, पाण्यासकट. आणि माहीत असूनच ते सोडायला तयार झाले होते, कारण पोरानं फोनवर तीनदा फ्लॅटचा विषय काढला होता. मला काय बोलावं सुचेना. फ्लॅटची घाई नाही, असं काहीतरी पुटपुटलो. आप्पा "बरं" म्हणाले. अगदी माझ्यासारखंच "बरं".

पट्टी अजून विकलेली नाही. क्रशरवाल्याचे फोन अधूनमधून येतात, आणि भाव वाढवून येतात. मी भाड्याच्या घरातच आहे. रावेतचा तो फ्लॅट दुसऱ्या कोणीतरी घेतला. फार मोठा त्याग वगैरे केलाय असं नाही. आईला अजून वाटतं की पोरानं घर घ्यायला हवं होतं, आणि लग्नाचा विषय निघाला की तिचंच बरोबर वाटतं. उद्या पैशाची खरी नड आली तर काय करू, हेही छातीठोक सांगता येत नाही.

पण शेजाऱ्यांनी दिली. आमच्या हद्दीच्या पुढे तिसरं वावर त्यांचं. त्यांच्या मुलीच्या लग्नाचं कर्ज होतं, त्यांना नावं ठेवायचा मला अधिकार नाही. परवा मोबाईलवर उपग्रहाचा नकाशा उघडून गावावर झूम केलं. ती रांग वरून स्पष्ट दिसते, हिरव्या-तपकिरी वावरांवर पट्टीनं ओढावी तशी काळी सरळ रेघ. मधे एका ठिकाणी पांढुरकी खाच पडली आहे, बोटभर. हेडफोनमध्ये 'होलोसीन' चालू होतं. शेवटचं गाणं, फार आरडाओरडा नसलेलं.

आप्पांना फोन केला. विहिरीला पाणी किती आहे, विचारलं.

"शे आजून," म्हणाले. "जेवना का?"

दीड मिनिटात फोन संपला.